आतल्या गोटातली माणसे आणि बीटल्सची कहाणी: अशी चरित्रे कशी वाचावीत

जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांचा बीटल्स हा इंग्रजी संगीतसमूह कोणी मोडला, या प्रश्नाला पन्नासहून अधिक वर्षे झाली तरी एकच एक उत्तर मिळत नाही. २० सप्टेंबर १९६९ रोजी समूहाच्या लंडनच्या कार्यालयात झालेल्या बैठकीत जॉन लेनन यांनी आपण गट सोडत असल्याचे सांगितले, आणि व्यवहाराच्या वाटाघाटी चालू असल्यामुळे ही गोष्ट बाहेर फुटू द्यायची नाही असे ठरले. त्यानंतर जवळजवळ सात महिन्यांनी, १० एप्रिल १९७० रोजी, जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली ती मात्र पॉल मॅकार्टनी यांनी बीटल्स सोडल्याची. मॅकार्टनी यांच्या नव्या तबकडीसोबत एक प्रश्नोत्तरी वाटण्यात आली होती आणि तिच्यावरून ही बातमी झाली. त्यातले प्रश्न आपल्या कार्यालयातील पीटर ब्राउन यांच्याकडून आपण तयार करून घेतले होते, असे मॅकार्टनी यांनी नंतर सांगितले आहे. याच पीटर ब्राउन यांनी पुढे, १९८३ मध्ये, स्टीव्हन गेन्स या पत्रकाराच्या जोडीने बीटल्सचे चरित्र प्रसिद्ध केले आणि ते आतल्या माणसाने सांगितलेली हकिकत म्हणूनच विकले गेले.

दिग्दर्शक सॅम मेंडिस बीटल्समधील चौघांवर चार स्वतंत्र चित्रपट करत असून ते एप्रिल २०२८ मध्ये येतील, असे जाहीर झाले आहे. त्या निमित्ताने ही जुनी पुस्तके नव्या वाचकांच्या हाती पडतील आणि परस्परविरोधी हकिकती वाचून त्यांचा गोंधळ उडणे स्वाभाविक आहे. एकाच समूहाविषयी इतकी जवळची माणसे लिहितात आणि तरीही त्यांचे एकमेकांशी जुळत नाही, हे कसे? माझ्या मते त्याचे उत्तर बरेचसे एका साध्या प्रश्नात आहे: सांगणारा त्या क्षणी नेमका कुठे उभा होता?

चरित्रांचे तीन प्रकार

लोकप्रिय संगीतसमूहांची चरित्रे ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. पहिले अधिकृत चरित्र, म्हणजे कलाकारांच्या संमतीने आणि सहकार्याने लिहिलेले. हंटर डेव्हिस यांचे १९६८ चे बीटल्सचरित्र हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. दुसरे संशोधकाचे चरित्र, ज्याचा लेखक बाहेरचा असतो आणि कागदपत्रे, मुलाखती, जुनी वर्तमानपत्रे यांच्या आधारे कहाणी उभी करतो. मार्क लुइसन यांचा २०१३ मध्ये आलेला पहिला खंड कित्येक वर्षांच्या शोधानंतर सिद्ध झाला आणि तरीही तो १९६२ च्या अखेरीलाच थांबतो, म्हणजे बीटल्स जगप्रसिद्ध होण्याच्या आधीच. तिसरे आतल्या गोटातले चरित्र. त्याचा लेखक त्या वर्तुळात वावरलेला असतो: व्यवस्थापकाचा सहायक, पत्नी, शाळासोबती, ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञ, सामान वाहणारा मदतनीस.

या तिसऱ्या प्रकाराचे बळ आणि दुबळेपण एकाच ठिकाणी आहे. एखाद्या मोठ्या लग्नाची हकिकत वराच्या मामाने सांगितली, आचाऱ्याने सांगितली आणि मांडवाच्या दाराशी आहेर लिहून घेणाऱ्याने सांगितली, तर तिघेही खरे बोलत असूनही तीन वेगवेगळी लग्ने झाल्यासारखे वाटेल. देण्याघेण्यावरून आतल्या खोलीत काय बोलणे झाले, हे आचाऱ्याला ठाऊक नसते. किती पंगती उठल्या आणि शेवटी काय कमी पडले, हे मामाला ठाऊक नसते. तरीही विचारले तर दोघेही सगळ्याच लग्नाविषयी बोलतात.

पीटर ब्राउन यांची जागा

लिव्हरपूलमधील एका मोठ्या दुकानाच्या तबकडी विभागात ब्राउन काम करत होते. तिथून बीटल्सचे व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन यांनी त्यांना आपल्या कुटुंबाच्या दुकानात आणले आणि पुढे ते लंडनला एप्स्टाइन यांचे निकटचे सहायक झाले. त्यांच्या टेबलावरच्या एका लाल टेलिफोनचा क्रमांक फक्त चार बीटल्सना ठाऊक असे, असे सांगितले जाते. एप्स्टाइन यांच्या निधनानंतर समूहाची अनेक दैनंदिन कामे त्यांच्याकडे आली. मार्च १९६९ मध्ये लेनन आणि योको ओनो यांना लग्नासाठी जागा मिळेना, तेव्हा जिब्राल्टरमध्ये ते होऊ शकते हे ब्राउन यांनीच शोधून काढले आणि लेनन यांनी त्या प्रसंगावर लिहिलेल्या गाण्यात त्यांचे नाव आले. थोडक्यात, हा माणूस खरोखरच आत होता, याविषयी वाद नाही.

वाद आहे तो आत म्हणजे नेमके कुठवर, याचा. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण एप्स्टाइन यांच्या मृत्यूचे आहे. ऑगस्ट १९६७ च्या अखेरच्या आठवड्यात ब्राउन एप्स्टाइन यांच्या ससेक्समधील घरी मुक्कामाला होते. शुक्रवारी रात्री एप्स्टाइन गाडी घेऊन लंडनला परतले. रविवारी, २७ ऑगस्टला, लंडनच्या घरातील त्यांच्या शयनगृहाचे दार उघडेना म्हणून ते फोडण्यात आले, तेव्हा ब्राउन ससेक्सहून टेलिफोनवर होते. महर्षी महेश योगींच्या शिबिरासाठी वेल्समधील बँगोर येथे गेलेल्या बीटल्सना कळवण्याची वेळही त्यांच्यावरच आली. आता यातले ब्राउन यांना स्वतःच्या डोळ्यांनी आणि कानांनी काय ठाऊक होते? शुक्रवारी संध्याकाळी एप्स्टाइन कसे दिसत होते, काय बोलले, रविवारी टेलिफोनवर काय ऐकू आले, अशा गोष्टी. त्याबाबतीत त्यांच्याइतका मोलाचा साक्षीदार मिळणे कठीण. पण बंद दाराआड शनिवारी काय घडले, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. झोपेच्या औषधाची मात्रा हळूहळू शरीरात साठत गेल्याने झालेला हा अपघाती मृत्यू होता, हा निष्कर्ष मृत्यूच्या सरकारी चौकशीचा आहे आणि तो वैद्यकीय तपासणीवर आधारलेला आहे. एकाच घटनेचा काही भाग साक्षीदाराकडून घ्यावा लागतो आणि काही भाग कागदाकडून.

खोलीत दोघेच असताना तिसऱ्याने संवाद कसे लिहिले?

अशी पुस्तके तयार कशी होतात, हे समजून घेतले की बऱ्याच गोष्टी उलगडतात. आतला माणूस सहसा व्यावसायिक लेखक नसतो, त्यामुळे शब्दांकनासाठी जोडीदार घेतला जातो. प्रकाशकाने दिलेल्या अग्रिम रकमेची भरपाई खपातून व्हायची असते, म्हणून पूर्वी छापून न आलेले काहीतरी द्यावेच लागते. शिवाय कोरड्या नोंदींपेक्षा प्रसंग आणि संवाद वाचायला बरे वाटतात. अशा रीतीने आठवणीतला एक पुसट वाक्यांश अवतरणचिन्हांत जाऊन बसतो.

एप्रिल १९६३ च्या अखेरीस एप्स्टाइन आणि लेनन सुटीसाठी स्पेनला गेले. एप्स्टाइन समलिंगी होते आणि इंग्लंडमध्ये त्या वेळी पुरुषांमधील समलिंगी संबंध हा गुन्हा होता. या प्रवासात दोघांत काय घडले, याचा प्रसंग ब्राउन यांच्या पुस्तकात संवादांसह रंगवलेला आहे, जणू लेखक खोलीच्या कोपऱ्यात बसला होता. लेनन यांचे बालमित्र पीट शॉटन यांनीही त्याच वर्षी आलेल्या आपल्या पुस्तकात लेनन यांनी आपल्याजवळ काय कबूल केले ते लिहिले, आणि ते यापेक्षा वेगळे आहे. लेनन यांच्या तेव्हाच्या पत्नी सिंथिया लेनन यांनी असे काही घडल्याचे नाकारले. स्वतः लेनन यांनी १९८० च्या मुलाखतीत सांगितले की ते नाते प्रेमप्रकरणाच्या जवळ जाणारे होते, पण शारीरिक पातळीवर गेले नाही. मॅकार्टनी यांना वाटे की समूहात कोणाचा शब्द चालतो हे एप्स्टाइन यांना दाखवण्यासाठी लेनन त्या सुटीला गेले असावेत. पुस्तके आली तेव्हा एप्स्टाइन आणि लेनन दोघेही हयात नव्हते. वाचकाने इथे लक्षात घ्यायचे ते एवढेच, की ब्राउन, शॉटन आणि सिंथिया या तिघांच्याही हाती असलेली माहिती ऐकीव आहे. जवळच्या माणसाने ऐकलेली असली, तरी ऐकीवच.

कलाकार स्वतः सांगतो, ते तरी खरे असेलच ना?

इथे अनेक वाचक म्हणतील की मग मध्यस्थ कशाला, चौघांनी स्वतः सांगितलेले प्रमाण मानावे. पण घटनेच्या केंद्रस्थानी असलेला माणूसही एकाच जागी उभा असतो, आणि त्याची जागा पुढच्या भांडणांनी सरकते. लेनन यांनी डिसेंबर १९७० मध्ये दिलेली दीर्घ मुलाखत अतिशय कडवट आहे, आणि ती ज्या महिन्यात दिली गेली त्याच महिन्याच्या ३१ तारखेला मॅकार्टनी यांनी बीटल्सची भागीदारी विसर्जित करण्यासाठी लंडनच्या उच्च न्यायालयात दावा दाखल केला. दहा वर्षांनी त्याच घटनांविषयी बोलताना लेनन यांचा सूर बराच निवळलेला दिसतो. दोन्ही वेळा ते मनापासूनच बोलत होते, असे मला वाटते.

जानेवारी १९६९ मधील तालमींचे उदाहरण तर फार बोलके आहे. त्या महिनाभराच्या चित्रीकरणातून १९७० मध्ये एक चित्रपट निघाला, तो समूह फुटल्यानंतर प्रेक्षकांसमोर आला, आणि त्या तालमी म्हणजे निव्वळ कटकट होती अशी समजूत रुजली. ती समजूत बीटल्सच्या स्वतःच्या आठवणींनीच पक्की केली. २०२१ मध्ये चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी सुमारे ६० तासांचे चित्रीकरण आणि १५० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण तपासून जवळजवळ आठ तासांची मालिका तयार केली. तिच्यात ताण आहेच, पण हसणे, एकमेकांच्या ओळी पुऱ्या करणे, जुनी गाणी गात बसणे हेही भरपूर आहे, आणि ते पाहून खुद्द हयात असलेल्या बीटल्सच्या मनातले चित्र बदलले. जॉर्ज हॅरिसन १० जानेवारीला तालीम अर्धवट टाकून निघून गेले, हे मात्र खरेच घडले. त्या दिवसाची त्यांची रोजनिशी उपलब्ध आहे. जेवणाच्या वेळेपर्यंत तालीम केली, बीटल्स सोडले, घरी गेलो, संध्याकाळी एका ध्वनिमुद्रणाला गेलो आणि नंतर मित्राकडे चिप्स खाल्ल्या, अशा आशयाची ती नोंद आहे. त्याच दिवशी लिहिलेल्या नोंदीला पुढे काय होणार हे माहीत नसते, म्हणून तिच्यात नाट्य भरले जात नाही. तिची किंमत वीस वर्षांनंतरच्या सुरस वर्णनापेक्षा मला जास्त वाटते.

समूहाच्या अखेरच्या ध्वनिमुद्रणांविषयीही असेच झाले. हा आपला शेवटचा संग्रह आहे, हे जाणूनच चौघे १९६९ च्या उन्हाळ्यात स्टुडिओत एकत्र आले, असे अनेकांनी लिहिले. पण ८ सप्टेंबर १९६९ रोजी लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन यांच्यात झालेल्या बैठकीची ध्वनिफीत लुइसन यांनी समोर आणली. रिंगो स्टार रुग्णालयात असल्याने त्यांना ऐकवण्यासाठी ती केलेली होती, आणि तिच्यात पुढच्या संग्रहात कोणाची किती गाणी असावीत याची चर्चा ऐकू येते.

अधिकृत चरित्र अधिक भरवशाचे का नाही?

अधिकृत चरित्रकाराला दारे उघडी मिळतात. हंटर डेव्हिस यांना लेनन आणि मॅकार्टनी गाणी रचत असताना त्यांच्याजवळ बसता आले, आणि त्यांनी टिपलेले ते प्रसंग आजही अजोड आहेत, कारण तिथे ते स्वतः उपस्थित होते. पण हस्तलिखित संबंधितांना दाखवायचे, ही त्याची किंमत होती. लेनन यांच्या मावशी मिमी यांनी भाच्याच्या लहानपणाविषयीच्या मजकुरात बदल करायला लावले. एप्स्टाइन नुकतेच वारले होते आणि त्यांच्या कुटुंबाच्या भावना जपायच्या होत्या, त्यामुळे त्यांच्या समलिंगी असण्याविषयी डेव्हिस यांना सूचकतेवरच भागवावे लागले. लेनन यांनी नंतर या पुस्तकाला नावे ठेवली ती त्यातले खडबडीत वास्तव गाळले गेले म्हणून. म्हणजे अधिकृत चरित्रात जे लिहिले आहे ते बहुधा घडलेले असते; अडचण असते ती न लिहिलेल्याची.

हृषीकेशचा तंटा आणि मुंबईचे ध्वनिमुद्रण

भारताशी संबंध असलेली दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. फेब्रुवारी १९६८ मध्ये बीटल्स हृषीकेशला महर्षींच्या आश्रमात आले. रिंगो सुमारे दहा दिवसांत परतले, मॅकार्टनी मार्चच्या अखेरीस, आणि लेनन व हॅरिसन १२ एप्रिलला तडकाफडकी निघाले. महर्षींनी एका शिष्येशी गैरवर्तन केल्याची कुजबुज हे त्याचे कारण सांगितले जाते. ही कुजबुज अलेक्सिस मार्डास या बीटल्सच्या तंत्रज्ञ मित्राने पेटवली, असे सिंथिया लेनन यांनी लिहिले. मार्डास यांनी २०१० मध्ये निवेदन देऊन आपली बाजू मांडली. हॅरिसन आणि मॅकार्टनी यांनी पुढे त्या आरोपात तथ्य नव्हते असे सांगितले. लेनन यांचा राग मात्र एका गाण्यात कायमचा उतरला. इथे सांगणाऱ्या प्रत्येकाला आपण तिथून असे का निघालो किंवा निघायला कारण का झालो, याचे समर्थन हवे होते. म्हणून आश्रमात राहिलेल्या माणसांची साक्ष असूनही ती जपून घ्यावी लागते.

त्याच वर्षी जानेवारीत हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करत होते. मुंबईत तेव्हा एकाच मार्गिकेवर ध्वनी टिपणारे यंत्र होते, म्हणून कंपनीचे भास्कर मेनन यांनी कोलकात्याहून दोन मार्गिकांचे यंत्र रेल्वेने आणले, अशी आठवण हॅरिसन यांनी सांगितली आहे. बाहेरच्या रहदारीचा आवाज आत येत असे आणि संध्याकाळी कार्यालये सुटून माणसे जिना उतरू लागली की काम थांबवावे लागे, हेही त्यांनीच सांगितले. या आठवणींवर शंका घेण्याचे मला काहीच कारण दिसत नाही: सांगणारा तिथे होता, हाताने काम करत होता, आणि त्यात कोणाला मोठे वा लहान करण्याचा हेतू नाही. खेदाची बाब अशी की बीटल्सच्या लंडनकेंद्री चरित्रांत हृषीकेशच्या कुजबुजीला भरपूर जागा मिळते आणि शिवकुमार शर्मा, आशिष खाँ यांच्यासारख्या कलावंतांनी त्या दिवसांत केलेल्या कामाला ओझरता उल्लेख. लंडनच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला मुंबईचा स्टुडिओ दिसत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

मग अशी पुस्तके वाचायचीच कशाला?

कारण काही गोष्टी फक्त तिथूनच दिसतात. एप्स्टाइन यांचा व्यवहार कसा चाले, हे बाहेरच्या संशोधकाला करारपत्रांवरून कळते, पण करार तसे का झाले हे कार्यालयात बसणाराच सांगू शकतो. बीटल्सची नावे आणि चित्रे असलेल्या बाहुल्या, विग, बटणे विकण्याचा परवाना देताना एप्स्टाइन यांच्या वकिलाने उत्पन्नाचा ९० टक्के वाटा परवाना घेणाऱ्या कंपनीला आणि केवळ १० टक्के वाटा आपल्या बाजूला, असा करार मान्य केला. पुढे तो बदलला आणि प्रकरण न्यायालयात गेले. आकडा वाचून एप्स्टाइन अडाणी वाटतात. पण पॉप गायकांच्या छापील टोप्यांतून कोट्यवधी मिळू शकतात, असा अनुभव तोवर ब्रिटनमध्ये कोणाच्याच गाठीशी नव्हता आणि रोज शेकडो मागण्यांचा ढीग टेबलावर पडत होता, ही परिस्थिती समजायला आतल्या माणसांचीच वर्णने उपयोगी पडतात.

आणखी एक गोष्ट ब्राउन आणि गेन्स यांच्या बाजूने सांगायलाच हवी. पुस्तकासाठी त्यांनी १९८० आणि १९८१ मध्ये बीटल्सपैकी तिघांच्या, योको ओनो यांच्या आणि इतर अनेकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या होत्या. लेनन यांची हत्या ८ डिसेंबर १९८० रोजी झाली आणि त्यांची मुलाखत राहूनच गेली. पुस्तक आल्यावर मॅकार्टनी दांपत्याने ते जाळले, असे या लेखकांनीच सांगितले आहे. पण २०२४ मध्ये त्यांनी त्या मुलाखतींची मूळ प्रश्नोत्तरे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. मला हे दुसरे पुस्तक पहिल्यापेक्षा पुष्कळ मोलाचे वाटते, कारण त्यात साक्षीदार आणि वाचक यांच्यामध्ये निवेदकाची रंगवलेली भिंत नाही.

विश्वासाने कळलेले विकण्याचा अधिकार आहे का?

हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याला कायद्याचे उत्तर पुरत नाही. इंग्लंडच्या कायद्यानुसार मृत व्यक्तीची अब्रुनुकसानी होत नाही, त्यामुळे एप्स्टाइन यांच्याविषयी काहीही लिहिण्याची मोकळीक होती. आपल्याकडे मृत व्यक्तीविषयीचा बदनामीकारक मजकूर तिच्या कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने प्रसिद्ध केला, तर तो गुन्हा ठरू शकतो. भारतीय दंड संहितेत तशी तरतूद होती आणि ती आता भारतीय न्याय संहितेत आली आहे. पण मालकाने विश्वासाने बोललेले सहायकाने छापावे का, हा प्रश्न कायद्याच्या बाहेर उरतोच. माझे मत असे, की सांगणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्याचा जो भाग त्या कहाणीत गुंतला आहे तेवढा सांगण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. दुसऱ्याच्या शयनगृहातला अंदाज संवाद घालून सांगण्याचा नाही.

नील ॲस्पिनॉल यांनी तर काहीच सांगितले नाही. शाळेपासूनचे सोबती, बीटल्सची गाडी चालवणारे आणि नंतर जवळजवळ चाळीस वर्षे त्यांची कंपनी सांभाळणारे ॲस्पिनॉल २००८ मध्ये वारले, आणि त्यांनी आठवणींचे एकही पुस्तक लिहिले नाही. बहुधा सर्वांत जास्त त्यांनाच ठाऊक होते. मॅल इव्हान्स हे दुसरे मदतनीस मात्र लिहीत होते. त्यांनी रोजनिश्या ठेवल्या होत्या आणि आठवणींचे हस्तलिखितही सिद्ध होत आले होते. ते प्रकाशकाकडे द्यायला आठवडा उरला असताना, जानेवारी १९७६ मध्ये, लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांच्या गोळीबारात त्यांचा मृत्यू झाला. कागद प्रकाशकाच्या तळघरात पडून राहिले, १९८८ मध्ये सापडले, योको ओनो यांच्या मदतीने कुटुंबाकडे परत गेले आणि त्यांच्यावर आधारलेले चरित्र केनेथ वोमॅक यांनी २०२३ मध्ये लिहिले. इव्हान्स यांच्या रोजनिशीतल्या नोंदी १९६० च्या दशकात त्या त्या दिवसांत केलेल्या आहेत, तर आठवणी त्यांनी १९७० च्या दशकात, बीटल्सपासून दूर आणि खचलेल्या मनःस्थितीत लिहिल्या. ते चरित्र वाचताना एखादे वाक्य यांपैकी कोणत्या कागदातून आले आहे, हे प्रत्येक पानावर पाहत गेले पाहिजे.